तुझे रुंद टायर

शैला,

मुक्ताच्या गाडीला बर्फातले टायर काल बसले. तू गेलीस तेव्हा तुझी समजूत होती की ते नोव्हेंबरातच बसलेत. ती समजूत आम्हीच करून दिली होती, मी आणि मुक्ताने, तुझ्या लेकीने, मिळून, आणि ती खोटी होती. तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. लोक भेटायला यायचे थांबले, फ्रिजमधले दुसऱ्यांच्या घरचे डबे संपले, आणि हे तुला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही करावंसं वाटत नाहीये. फार दमलोय. तेव्हा जसं येईल तसं लिहितो, तू सांभाळून घे.

इथे शारजात माणूस गेल्यावर रडायला लगेच वेळ मिळत नाही हे मला माहीत नव्हतं. आधी कागद. हॉस्पिटलचा दाखला, पोलिसांचं पत्र, कॉन्सुलेटमध्ये जाऊन तुझा पासपोर्ट रद्द, आणि मग तुझा व्हिसा रद्द. ते झाल्याशिवाय अंत्यसंस्काराची परवानगी नाही. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये नंबर घेऊन बसलो. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "मॅडम इंडिया वापस जा रही हैं?" दिवसभरात येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच विचारत असणार. मी नाही म्हटलं आणि दाखला पुढे सरकवला. त्याने तो वाचला, "सॉरी, अंकल" म्हणाला, आणि उठून मला पाणी आणून दिलं. तिथून पोलीस, तिथून परत हॉस्पिटल. तीन दिवस मी शारजाभर टॅक्सीने हिंडत होतो आणि तुझी गाडी आपल्या बिल्डिंगच्या तळघरात तिच्या जागेवर उभी होती.

इथलं लायसन्स काढणं म्हणजे काय हे आपल्या पिढीला विचारावं. तू तिसऱ्या टेस्टला पास झालीस. मी सात वेळा नापास झालो. सातव्या वेळी परीक्षकाने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि "खलास, हबीबी" म्हणाला, बास झालं राजा, तेही इतक्या मायेने की मी पुन्हा तिकडे फिरकलोच नाही. त्यानंतर अठरा वर्षं मी तुझ्या शेजारच्या सीटवर काढली. अल मजाजच्या आपल्या घरापासून दुबईपर्यंतच्या त्या ट्रॅफिकमधून तू मला ऑफिसला सोडायचीस आणि उलट फिरून तुझ्या ऑफिसला जायचीस. मी वाटेत तुला सफरचंदाच्या फोडी करून द्यायचो आणि लेन चुकलीस म्हणून सांगायचो. तू एकदाही लेन चुकली नव्हतीस. आपल्या मराठी ग्रुपमधले पुरुष माझी चेष्टा करायचे, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. मला तिथे बसायला आवडायचं.

गाडीचं सगळं तुझ्याकडे होतं, आणि टायरचं तर विचारायलाच नको. इंडस्ट्रियल एरियातल्या त्या टायरच्या ऑफिसात तू नुसती टेलिफोन घ्यायला लागलीस आणि दहा वर्षांत मालकसुद्धा तुला विचारून माल मागवायला लागला. टायरच्या अंगावर जे आकडे आणि अक्षरं कोरलेली असतात, ती तू पेपरातल्या मथळ्यांसारखी वाचायचीस. शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला. उन्हात टायर नुसता उभा राहूनही म्हातारा होतो, तारीख बघितल्याशिवाय घेऊ नये, हे तू भेटेल त्याला सांगायचीस. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला एकांकडे गणपतीला गेलो होतो, तेव्हा वर जाऊन दर्शन घ्यायच्या आधी तू यजमानांच्या गाडीपाशी वाकून बसली होतीस. वर गेल्यावर त्यांना म्हणालीस, तुमचे मागचे दोन टायर सहा वर्षांचे आहेत, मुलांना घेऊन हायवेवर जाऊ नका. त्यांच्या हातात आरतीचं ताट होतं.

आणि वाळू. आपल्या ग्रुपची ती शुक्रवारची सहल तुला आठवत असेल. शारजाच्या पलीकडच्या वाळवंटात एकाची गाडी रुतली. पाच पुरुष मागून ढकलत होते, चाकाखाली पुठ्ठे घालत होते, आणि गाडी आणखी खाली जात होती. तू स्पोर्ट्स शूज घालून आलीस, सगळ्यांना बाजूला केलंस आणि चारही चाकांची निम्मी हवा काढलीस. हवा कमी झाली की टायर पसरतो, पसरला की वाळूवर तरंगतो, एवढं सांगून गाडीत बसलीस आणि हळूच बाहेर काढलीस. त्यानंतर कोणीही कुठेही रुतलं की आधी तुला फोन यायचा. तू फोनवरून हवा काढायला शिकवायचीस. मी आजूबाजूला बसलेल्यांना बघायचो, त्यांनी ऐकलं का म्हणून.

हे सगळं लिहितोय ते तुझं कौतुक म्हणून, आणि पुढचं सांगायला वेळ लागतोय म्हणूनही.

उन्हाळ्यात तुझं आजारपण निघालं. ऑक्टोबरात मुक्ताने तिकडे कॅनडात जुनी गाडी घेतली. छोटी गाडी, ती काम करते त्या हॉस्पिटलपर्यंत वीसेक किलोमीटरचा रस्ता, मध्ये चढ आणि वळणं. तिच्या तिथल्या मैत्रिणीने सांगितलं की ही गाडी बर्फात रडवते, विंटर टायर घ्यावेच लागतील. मुक्ताने ते तुझ्या कानावर घातलं मात्र, तू उशीला टेकून बसलीस आणि लॅपटॉप मागितलास. तीन आठवडे आपल्या घरात दुसरा विषय नव्हता. थंडीत साधा टायर कडक होतो, विंटर टायरचं रबर मऊ राहतं, त्याच्यावर डोंगर आणि बर्फाची चांदणी असलेली खूण असते, हे तू मला औषधांच्या वेळांच्या मधल्या वेळात शिकवलंस. आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिकडची दुकानं उघडायची आणि तू एकेकाला फोन लावायचीस. एकदा एका गोऱ्या सेल्समनला सवयीने "ओके हबीबी" म्हणालीस आणि मग स्वतःच खोकला येईपर्यंत हसलीस. मी देवाचे आभार मानले होते त्या टायरसाठी. सलाइन लावलेल्या हाताने तू वहीत आकडे लिहायचीस, आणि दुखतंय हे तासतासभर विसरायचीस.

मग तू ठरवलंस की रुंद टायर घ्यायचे. गाडीला कंपनीचे दोनशे पाचचे, म्हणजे तेवढे मिलिमीटर रुंद, होते, तू म्हणालीस दोनशे पंचवीसचे बसवू. रुंद टायर बर्फावर पसरेल, रुतणार नाही. तिथल्या दुकानदाराने तुला सांगितलं की इकडे लोक उलट अरुंद घेतात. तो त्याच्या दुकानात पडलेला माल खपवतोय, असं तू फोन ठेवल्यावर म्हणालीस.

मी तोवर इंटरनेटवर वाचत बसलो होतो. तुला सांगितलं की वाळूला तळ नसतो म्हणून तिच्यावर तरंगावं लागतं, पण बर्फाच्या खाली डांबरी रस्ता असतो. अरुंद टायर बर्फ कापून त्या रस्त्यापर्यंत पोचतो, रुंद टायर वरच घसरत राहतो. मला वाटलं मी फार मुद्देसूद बोललो. तू चष्मा काढलास.

"अहो, लायसन्स नसलेल्या माणसाने टायरवर बोलू नये."

तीन संध्याकाळ आपण त्यावर भांडलो. तू कागदावर चित्रं काढलीस, मी व्हिडिओ दाखवले. तू म्हणालीस बर्फ आणि वाळू दोन्ही भुसभुशीतच, मी म्हणालो खाली काय आहे ते बघ. तिसऱ्या संध्याकाळी तू मला नापास झालेल्या सातही टेस्ट तारीखवार सांगितल्यास. घरी येणारी नर्स प्रेशर बघायला आली तर म्हणाली, प्रेशर आज छान आहे. आपल्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण त्या तीन संध्याकाळींइतकी मजा मला कुठल्याच भांडणात आली नव्हती. वाद अर्धाच राहिला, कारण टायर मागवायच्या आधी बर्फ पडला.

त्या दिवसाचं आता सांगतो. तिकडे सकाळ होती, आपल्याकडे दुपार उलटून गेली होती. मुक्ताने व्हिडिओ कॉल केला. गाडी तिच्या बिल्डिंगसमोर बर्फात रुतली होती, चाकं जागच्या जागी फिरत होती, आणि तिला कामावर पोचायचं होतं. तू माझ्या हातातून फोन घेतलास. "चारही चाकांची हवा काढ," म्हणालीस, "मी मोजते, मी थांब म्हटलं की थांब." तू मोजत होतीस आणि ती पोर थंडीत वाकून एकेका चाकाची हवा काढत होती. मी तुझ्या उशाशी उभा होतो. माझ्या मनात आलं की तिच्याकडे हवा परत भरायचा पंप नाही. आपण इथे वाळवंटातून बाहेर आलो की पहिल्या पेट्रोल पंपावर हवा भरतो, तिथे ती कुठे भरणार? माझ्या मनात हेही आलं की हा बर्फ आहे, वाळू नाही. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण चार महिन्यांत पहिल्यांदा तुझ्या चेहऱ्यावर रंग होता. तुझा आवाज ऑफिसातला झाला होता. मी गप्प बसलो.

गाडी निघाली, तुझ्या म्हणण्याप्रमाणेच निघाली. मुक्ता ओरडली, "आई, यू आर अ जीनियस!" आणि तू फोन माझ्या हातात देऊन डोळे मिटून पडलीस, ओठांवर हसू घेऊन. बघितलंत, एवढंच म्हणालीस.

दीड तासाने माझा फोन वाजला. मी स्वयंपाकघरात तुझ्यासाठी मुगाची खिचडी टाकत होतो. मुक्ता रडत होती. अकरा किलोमीटर गेल्यावर वळणावर गाडी डुलायला लागली आणि तिच्या हातात राहिली नाही, सरळ रस्त्याकडेच्या चरात गेली. बेल्ट लावलेला होता म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलं. समोरून कोणी येत नव्हतं म्हणूनही. गाडी ओढून काढायला आलेल्या माणसाने चाकांकडे बघून तिला विचारलं होतं की एवढ्या थंडीत हवा काढायला कोणी सांगितलं. थंडीने हवा आपोआपच उतरते, त्यात आणखी निम्मी काढलेली, टायर रिंगवर धड उभाच नव्हता. मुक्ताने त्याला तुझं नाव सांगितलं नाही.

"डोन्ट टेल हर, बाबा. प्लीज."

मी म्हटलं, नाही सांगत. गॅस बंद केला. आतून तुझा आवाज आला, "पोचली का हो?"

"पोचली," मी म्हणालो.

तिथून सुरू झालं. गाडी गॅरेजमध्ये गेली आणि महिनाभर तिथेच राहिली. पहिला बर्फ पडल्यावर टायरच्या दुकानांत सगळं गाव लोटतं, त्यामुळे मुक्ताला जानेवारीची वेळ मिळाली. ती कामावर मैत्रिणीबरोबर जायला लागली. पण तू रोज विचारायचीस, टायर मागवले का, कुठले मागवले, तारीख बघितली का. चौथ्या दिवशी मुक्ताने बसवले म्हणून सांगून टाकलं. मग तू फोटो मागितलास. तिने शेजाऱ्याच्या गाडीच्या टायरचा फोटो काढून पाठवला. तू तो दोन बोटांनी मोठा केलास, चार आकड्यांवर थांबलीस, आणि "ताजे आहेत" म्हणून फोन मला परत दिलास. त्या संध्याकाळी केरळच्या नर्सला तू इंग्लिशमध्ये सांगत होतीस की माझ्या मुलीच्या गाडीला फुल स्नो टायर आहेत, रुंदवाले, मी निवडले. तिने आयुष्यात बर्फ बघितला नसेल. "व्हेरी गुड, मॅडम," म्हणाली ती, अगदी मनापासून. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

आम्हाला वाटलं, आपल्यामुळे पोरीच्या जिवावर बेतलं होतं हे कळलं तर तू खचशील. डॉक्टरांनीही मन शांत ठेवा असं सांगितलं होतं. म्हणून मन शांत ठेवायचं असं आम्ही ठरवलं, आणि एका टायरवर ते थांबलं नाही. खोटं सांभाळायचं तर माणसाला गोड वागावं लागतं. तू म्हणालीस एसी वाढवा, मी वाढवला. तू म्हणालीस सकाळी सकाळी दहीभात हवा, मी दिला. तू म्हणालीस यंदा हॉल हिरवा रंगवू, मी म्हटलं उत्तम. हिरवा रंग मला किती खुपतो ते तुला माहीत होतं.

"तुम्ही हल्ली भांडत नाही," म्हणालीस.

मी म्हटलं, भांडण्यासारखं आहे काय. तू मान वळवलीस आणि खिडकीतून खालच्या खाडीकडे बघत राहिलीस. तिथे लोक संध्याकाळचे फेऱ्या मारत होते, पोरं सायकली चालवत होती. मी तुझ्या पायांवरची चादर नीट केली. तेव्हा बोलायला हवं होतं मी, शैला. दार उघडं होतं.

मुक्ता पोचली तेव्हा तू गेलेली होतीस. ती पंधरा दिवस राहिली. तिने सगळ्या फॉर्मवर माझ्याऐवजी इंग्लिश लिहिलं, तुझे कपडे घड्या करून ठेवले, आलेल्यांना चहा केला. ते दिवस सगळे मला एकाच लांबलचक दुपारसारखे वाटतात. बाराव्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही दोघं जमिनीवर बसलो होतो. तिचं मनगट अजून दुखतं, ती ते दुसऱ्या हाताने धरून बसते. ती म्हणाली, "वी शुड हॅव टोल्ड हर." मी म्हटलं, तूच तर नको म्हणालीस. म्हणाली, हो, मी घाबरले होते, पण बाबा, आईला राग आला असता आणि मग तिने ते दुरुस्त केलं असतं, ती तशीच होती ना.

तू तशीच होतीस. रस अल खैमाच्या त्या गिऱ्हाइकाला तू चुकीच्या मापाचे चाळीस टायर पाठवले होतेस. कळलं त्या क्षणी तूच त्याला फोन केलास, त्याने गाडीतून माल उतरवायच्याही आधी. दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेलीस, माफी मागितलीस, माल बदलून दिलास, आणि येताना त्याच्याकडून पुढची ऑर्डर घेऊन आलीस. रात्री जेवताना म्हणालीस, झाली खरी चूक, आता भाजी वाढा. चुकल्याने तू कधी खचली नव्हतीस. खचलेला मी असायचो, तुझ्या वतीने. आम्ही तुला आजारी म्हणता म्हणता चुकायचासुद्धा हक्क काढून घेतला तुझा. त्याची मला लाज वाटते.

आणि मुक्ताला मी अजून एक गोष्ट सांगितलेली नव्हती. ती त्याच बाराव्याच्या संध्याकाळी सांगितली. हवा काढू नको हे माझ्या तोंडाशी आलं होतं आणि मी गिळलं, तुझ्या चेहऱ्याकडे बघून. मला वाटलं आता ही काही बोलेल. ती उठली, दोन कप चहा केला, आणि एक माझ्यासमोर ठेवला. तिने अजून त्याच्यावर एक शब्द काढलेला नाही. काढेल कधीतरी. मी वाट बघतोय, आणि घाबरूनही आहे.

ती परत गेली आणि काल तिची टायरची वेळ होती. दुकानातून तिचा फोन आला. तिच्या मोबाइलमध्ये तू पाठवलेली यादी उघडी होती, तुझ्या अक्षरातल्या वहीच्या पानाचा फोटो, दोनशे पंचवीसखाली दोन रेघा मारलेल्या. समोरचा माणूस म्हणत होता की दोनशे पाच घ्या, आणखी अरुंद बसत असतील तर तेही चालतील. मुक्ता काउंटरपासून बाजूला येऊन हळू बोलत होती. "बाबा, यू डिसाइड. मला नाही जमत."

गाडीच्या बाबतीत मला कोणी काही ठरवायला सांगण्याची ही पहिली वेळ. मला क्षणभर मोह झाला, शैला. आईची शेवटची इच्छा म्हणून रुंदच बसव, असं म्हणणं किती सोपं होतं. कोणालाही सांगितलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं. तुझं काहीतरी तिच्या गाडीखाली रोज फिरत राहिलं असतं, तिलाही ते आवडलं असतं. मी तुझ्या वहीच्या त्या दोन रेघा डोळ्यांसमोर आणल्या. तू पेन किती जोरात दाबलं असशील, तेही त्या हाताने. मग मला ते वळण दिसायला लागलं, मी कधीही न बघितलेलं. एकदा तुझं मन राखायला मी गप्प बसलो होतो आणि पोर चरात गेली होती. दुसऱ्यांदा ते मला करता येईना.

"अरुंद घे," मी म्हणालो.

मागे दुकानातल्या यंत्राचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "शुअर?" मी म्हटलं, "शुअर."

तासाभराने टायर बसले. बाहेर बर्फ पडतच होता. घरी जाताना ती मुद्दाम त्याच रस्त्याने गेली, त्याच वळणावरून, आणि पोचल्यावर मला फोन केला. "जरासुद्धा हलली नाही, बाबा. एकदम घट्ट." तिचा आवाज सहा आठवड्यांनी सैल झालेला ऐकला मी. बरं झालं म्हटलं, गरम काहीतरी खा म्हटलं, आणि फोन ठेवला.

मुलगी धड घरी पोचली याचा आनंद झाला. तो आधी झाला, हे लक्षात ठेव. पण त्याच्या मागोमाग मला फार वाईट वाटलं. आपला वाद मिटला ना. मी बरोबर होतो, आणि त्यात मला काही राम वाटेना. जिंकल्यावर तोंड लपवावंसं वाटावं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. तिने सांगितलं असतं की गाडी थोडी घसरली, तर निदान आज मला तुझी बाजू घेऊन कोणाशी तरी बोलता आलं असतं.

त्या दिवशी तुला खरं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, ते मला माहीत आहे. आधी मुक्ताच्या मनगटाचं विचारलं असतंस, एक्सरे काढायला लावला असतास. मग अरुंद घ्या म्हणणाऱ्या त्या दुकानदाराला फोन लावून, तुझं बरोबर होतं बाबा, असं त्याला सांगितलं असतंस. आणि शेवटी माझ्याकडे वळून, तुम्हाला कळत होतं तर बोलला का नाहीत, एवढंच विचारून भिंतीकडे तोंड केलं असतंस. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नसतीस. दोनच, त्याहून जास्त तुला कधी जमलं नाही.

तेव्हा आपल्याकडे एकवीस दिवस उरले होते. त्यातले दोन तू गप्प राहिली असतीस. बाकीचे एकोणीस आपण भांडलो असतो.